अर्ध्या बंडीचा सौदा

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत बैलगाडीला बंडी म्हणतात. पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकाला बंडी म्हटले की अंगात घालायची बंडी आठवेल. वैनगंगेच्या काठी मात्र बंडी जुंपतात, हाकतात, ओंगतात आणि विकतात. ओझे वाहणारी ती बंडी किंवा खासर, माणसे नेणारी हलक्या बांध्याची रेंगी, टप चढवलेली दमणी आणि दोन माणसे जेमतेम बसतील एवढा तो छकडा. नावांचे अर्थ गावागणिक थोडे सरकतात. एका गावची रेंगी दुसऱ्या गावी दमणी होते.

यांपैकी कोणतीही गाडी दुकानात जाऊन तयार घेण्याची वस्तू नव्हती. लाकूड गिऱ्हाइकाचे, चाके एका सुताराची, वरचा सांगाडा म्हणजे साटा कधीकधी दुसऱ्याचा, चाकावरची लोखंडी धाव लोहाराची आणि पैसा ज्या हंगामाला येईल त्या हंगामाचा. त्यामुळे बंडी एका दमात पुरी झाली, असे क्वचितच घडे. सुताराच्या अंगणात चाकांवाचून साटे पडलेले असत, घराच्या आढ्याला धाव न चढवलेली चाके टांगलेली असत आणि मालकाचे बैल मेले, धान बुडाले किंवा भाऊ वेगळे निघाले की ती अर्धी बंडी तशीच विकली जाई. तिला गिऱ्हाईकही मिळे. या प्रदेशातल्या गाडीच्या धंद्याचा इतिहास पुऱ्या गाड्यांपेक्षा अशा अर्ध्या गाड्यांतून अधिक कळतो.

गोंड राजांच्या काळात, म्हणजे १७५१ मध्ये चांदा (आजचे चंद्रपूर) भोसल्यांकडे जाईपर्यंत, आणि त्यानंतरही बराच काळ या मुलखातला दूरचा माल चाकांवरून फारसा जात नसे. तो बैलाच्या पाठीवरून जाई. बंजाऱ्यांचे तांडे किनाऱ्याकडून मीठ आणत आणि परत जाताना धान्य नेत. पाठीवर गोणी घेतलेल्या बैलाला रस्ता लागत नाही, पायवाट पुरते. गाडीला मात्र नाला उतरायला उतार हवा, चिखलात टणक तळ हवा आणि पुलाच्या जागी निदान दगड टाकलेली वाट हवी. वरोरा-भद्रावतीकडच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात गाडी कुठूनही जाई. पूर्वेकडे ब्रह्मपुरी, मूल, चामोर्शी या धानपट्ट्यात बांधाबांधांतून वाट काढावी लागे. आणि त्यापलीकडे भामरागडच्या डोंगरात कावड आणि डोक्यावरचा भार हीच वाहतूक होती. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा जिल्हा झाला, पण चाकाच्या हिशेबाने हे दोन मुलूख फार आधीपासून वेगळे होते.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे आला. त्यानंतरच्या वीस वर्षांत या भागाच्या वाहतुकीबद्दल एक मोठा मनसुबा रचला गेला आणि अर्ध्यावर सोडला गेला. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हिंगणघाट-नागपूरकडचा कापूस हवा होता. वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांतून तो कापूस नावांनी पूर्व किनाऱ्यावर काकीनाड्याला उतरवायचा, अशी ती योजना. नद्यांत तीन ठिकाणी खडकांचे अडसर होते. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा सिरोंच्याच्या खाली इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीला. तिथे बंधारे, कालवे आणि दारे बांधायची होती. कॅप्टन हेग या अभियंत्याच्या हाताखाली काम चालले. दरम्यान १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली आणि नदीच्या वाटेची गरजच संपली. १८७१ मध्ये काम थांबवण्यात आले. जी नदी वर्षातले कित्येक महिने वाळूत हरवते तिच्यात बोटी चालवण्याचा हट्ट आगगाडी आली नसती तरी किती टिकला असता, ही शंकाच आहे.

नदीची वाट बंद झाली म्हणून बंडीचे राज्य आले, असे म्हणण्यापेक्षा आगगाडीने बंडीला काम दिले असे म्हणणे अधिक बरोबर. १८७० च्या दशकात वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून फाटा आला. पुढच्या शतकात रूळ बल्लारपूरपर्यंत गेले. गोंदियाकडून नागभीड-मूलमार्गे चांदा फोर्टची अरुंद लाईन झाली. आणि १९२९ मध्ये बल्लारशाह-काझीपेठ जोड पूर्ण झाल्यावर मद्रासचा रस्ता मोकळा झाला. प्रत्येक नव्या स्टेशनाने आसपासच्या गावांतला बंजाऱ्याचा बैल मागे टाकला आणि बंडी पुढे आणली. माल स्टेशनापर्यंत आणायचा तर गाडीच लागणार. कापूस, जवस, धान, तेंदूची पाने, बांबू आणि सर्वांत जड म्हणजे साग. आलापल्लीच्या जंगलात तोडलेला ओंडका हत्तीने ओढून वाटेवर आणायचा आणि तिथून बैलांनी पुढे न्यायचा, ही विभागणी बराच काळ चालली. कमलापूरचा हत्तीकॅम्प त्याच कामाची आठवण आहे.

बंडीचे लाकूड हा इथला खास विषय, कारण इथला सुतार एका लाकडावर भागवत नसे. साटा आणि लांब दांड्या सागाच्या, कारण साग वाळल्यावर वाकत नाही आणि वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. पण चाकात साग चालत नाही. धक्क्याला तो तडकतो. चाकाच्या मधल्या तुंब्याला बाभूळ किंवा तिवस, घेराच्या पुठ्यांना बाभूळ, आऱ्यांना तिवस नाहीतर बिजा, जुवाला वजनाने हलके लाकूड आणि आसाला धावडा. धावडा चिवट आणि लवचिक. भार आला की वाकतो, पण मोडत नाही. इंग्रज वनाधिकाऱ्यांनी लाकडाच्या व्यापारात त्याला ‘ॲक्सलवुड’ म्हणजे आसाचे लाकूड असेच नाव दिले, यावरून गाडीच्या धंद्यात त्याची काय जागा होती ते कळते. पुढे लोखंडी आस आले आणि धावड्याचे हे मानाचे काम गेले.

हे लाकूड मिळवायचे कुठून, यावर बंडी किती दिवसांत पुरी होणार हे ठरे. मालगुजारीच्या काळात गावच्या जंगलावर मालगुजाराचा ताबा असे. त्याची मर्जी असेल तर सागाचा एखादा ओंडका पदरात पडे, नसेल तर दोन वर्षे वाट पाहावी लागे. शेतीच्या अवजारांसाठी, जळणासाठी लाकूड आणि बांबू घेण्याच्या गावकऱ्यांच्या सवलतीला निस्तार म्हणत. हा शब्द मध्य प्रांताच्या कारभारातून इतका मुरला आहे की आजही वनखात्याच्या कागदात तो टिकून आहे. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली आणि ती जंगले सरकारजमा झाली. मालगुजाराच्या जागी वनखात्याचा डेपो आला. निस्तारात आडजात लाकूड आणि बांबू मिळे. सागासाठी लिलावाचा भाव पाहावा लागे. बंडीचा खालचा बांधा महाग आणि वरची बांबूची ताटी स्वस्त, हा फरक तेव्हापासून वाढत गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात मोजला आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. पण इमारती लाकूड त्या कायद्यातही गौण वनोपजात आले नाही.

लोखंडाची गोष्ट निराळी. लोहारा, देऊळगाव, सुरजागड इथले दगड लोखंडाने भरलेले आहेत आणि कोळसा पेटवून छोट्या भट्टीत लोखंड गाळणारे कारागीर या भागात पूर्वापार होते. त्यांचे लोखंड मऊ आणि चिवट, पण थोडे थोडे निघणारे. धावेला लागते लांब, सारख्या जाडीची पट्टी. ती आगगाडीने स्वस्तात यायला लागली आणि गावच्या भट्ट्या थंड झाल्या. याच लोखंडाबद्दल १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या हाती पडला आणि पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या डोक्यात शिरली. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा निघाला नाही आणि कारखाना पुढे फार दूर साकचीला झाला. चांद्याच्या लोहाराला मात्र धाव चढवण्याचे काम उरले.

ते काम उन्हाळ्यात होई. चाक आधी कोरडे हवे. बहुधा बारा आरे, सहा पुठे; दर पुठ्यात दोन आरे ठोकलेले आणि पुठे एकमेकांत नुसते अडकवलेले. खिळा कुठेच नसतो, सगळी बांधणी धावेच्या जोरावर. लोहार दोरीने चाकाचा घेर मोजतो आणि पट्टीचे कडे त्याहून थोडे लहान जोडतो. किती लहान, हे सांगता येत नाही, हाताला कळते. मग कडे जमिनीवर ठेवून त्याच्या भोवती गोवऱ्या रचतात. ते लाल झाले की तिघेचौघे सांडशांनी उचलून चाकावर टाकतात आणि घणाने बसवतात. लाकूड पेटते, धूर होतो, आणि त्याच क्षणी घागरी ओतायच्या. लोखंड आकसते, आरे आतल्या आत करकरतात आणि सैल वाजणारे चाक एकसंध होते. पाणी क्षणभर उशिरा पडले तर पुठा जळतो. घाईने पडले तर धाव तिरकी बसते. एवढे करूनही चांद्याचा मे महिना कोणाला जुमानत नाही. लाकूड आणखी सुकते, धाव ढिली होते आणि बंडी चालताना खडखडायला लागते. तेव्हा रात्री ती तलावात किंवा नदीच्या उथळ पाण्यात उभी करून चाके फुगवायची, हा घरगुती इलाज.

आता अर्ध्या बंडीचा सौदा. नांगर-वखराची डागडुजी बलुत्यात येई आणि तिचे धान वर्षाला ठरलेले असे. नवी बंडी बलुत्याबाहेरची. तिची मजुरी वेगळी, बहुतेक हप्त्याहप्त्याने द्यायची. त्यामुळे अर्धवट गाडी विकायला काढली की पहिला प्रश्न लाकडाचा नसे, बाकीचा असे. सुताराचे किती देणे उरले आहे आणि ते कोण देणार? हे ठरल्याशिवाय सुतार गाडीला हात लावू देत नसे, आणि ते रास्तही होते. नव्या मालकाकडून उरलेले काम त्याच सुताराकडून करून घेण्याची अपेक्षा असे, कारण एकाने पाडलेल्या भोकात दुसऱ्याचा आरा नीट बसत नाही.

मग तपासणी. घेणारा तुंबा हातात घेऊन फिरवी, आतल्या भोकाकडे पाही. पुठे आणि आरे बदलता येतात. तुंबा चिरलेला असला तर चाक गेले. आऱ्यावर दगडाने टिचकी मारली की कोरडे, पिकलेले लाकूड खणखणीत वाजते. आतून घुण लागलेले ठस्स बोलते. पांढरे लाकूड किती ठेवले आहे हे नखाने उकरून पाहायचे, कारण किडीची सुरुवात तिथूनच होते. चाकांची जोडी एका हाताची हवी. घेरात दोन बोटांचाही फरक असेल तर बंडी सतत एका अंगाला जाते आणि त्या बाजूच्या बैलाचा खांदा सोलतो. भावाभावांच्या वाटणीत एकाकडे साटा आणि दुसऱ्याकडे चाके गेलेली असली तर विकणाऱ्याला दोघांनाही बोलावून उभे करावे लागे. भाव ठरला की इसार द्यायचा, बाकी धानाच्या रूपात किंवा पुढच्या बाजाराला रोख. कागद नाही, चार साक्षीदार पुरेत.

कागद नाही हे मात्र पूर्ण खरे नाही. एक कागद लागेच, तो लाकडाचा. डेपोतून सुटलेल्या ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का उमटलेला असतो. करवत आणि रंधा लागला की शिक्का जातो. मग हाती उरतो तो पास. पुरी झालेली, चिखलाने माखलेली जुनी बंडी कोणी नाक्यावर अडवून लाकूड कुठले असे विचारत नाही. पण ताज्या सागाचा, अजून तेल न लावलेला साटा एका गावाहून दुसऱ्या गावी नेणाऱ्याला ते विचारतात. म्हणून अर्धी बंडी घेणारा शहाणा माणूस चाकांआधी पास मागे. पास हरवलेल्या गाडीचा भाव पडे, मग सुताराचा हात कितीही चांगला असो.

वनकायद्याचा बंडीशी आणखी एक संबंध आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या ५२ व्या कलमात गुन्ह्याच्या लाकडाबरोबर हत्यारे, नावा, गाड्या आणि बैलही जप्त करता येतील असे म्हटले आहे. रात्री साग वाहताना पकडलेली बंडी अशी सरकारदरबारी येई. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत ती उन्हापावसात उभी राही. बैलांना चारा लागतो म्हणून त्यांची सोय लवकर लागे. गाडी मात्र तिथेच. लिलावाच्या दिवशी तिची धाव ढिली, साट्याला वाळवी आणि जोते गायब, अशी अवस्था. तरी ती विकली जाई. घेणाऱ्याच्या लेखी ती गाडी नव्हतीच. दोन तुंबे, एक लोखंडी आस आणि दोन धावांचे लोखंड एवढाच तो हिशेब.

बंडी माणसांचे फिरते घरही होती. चैत्रात महाकालीच्या यात्रेला नांदेड-परभणीकडचे भाविक चांद्याला येतात. आगगाडी आणि मोटार येण्याआधी आणि नंतरही कित्येक वर्षे ते बंड्यांनी आले. झरपट नदीच्या काठी गाड्या सोडायच्या, जू जमिनीला टेकवायचे, साट्याखाली चूल मांडायची, वर ताटी टाकून बायका-मुलांनी निजायचे. महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंडादेवला वैनगंगेच्या वाळवंटात असाच मुक्काम पडे. यात्रेला निघण्याआधी आठ दिवस सुतार आणि लोहार यांच्याकडे दाटी. ओंगणाचा बांबूचा नळा तेल आणि काजळीने भरून आसाला टांगायचा, ताटी नवी विणून घ्यायची, गवताचा थर अंथरून वर वाकळ टाकायची. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. झोपायची, रांधायची आणि चालायची सोय एकाच गाडीत असावी ही गरज मार्कंड्याच्या यात्रेकरूला त्याच्या कितीतरी आधी कळली होती.

यात्रेपेक्षा शंकरपटाने, म्हणजे बैलांच्या शर्यतींनी, हलक्या गाडीचा बाजार अधिक तेजीत ठेवला. दिवाळीनंतर धान घरात आले की झाडीपट्टीत, म्हणजे या धानपट्ट्यात, मंडया भरतात. दिवसा पट, रात्री नाटक, असा तो जोड. वडसा हे या नाटकांचे मुख्य ठाणे, आणि हंगाम होळीपर्यंत चालतो.  पटाचा छकडा सुताराच्या कौशल्याची परीक्षा असतो. तो जितका हलका तितका वेगवान, आणि जितका हलका तितका लवकर मोडणारा. पटात मोडलेला छकडा आणि पटासाठी अर्धा रचून सोडलेला छकडा, दोन्ही मंडईतच हातोहात विकले जात. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या आणि असे अर्धे छकडे अंगणात तसेच पडून राहिले. १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात अटींसह परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला आणि पट पुन्हा भरू लागले. मधल्या सात वर्षांत काही म्हाताऱ्या सुतारांचा हात बंद पडला होता. तो कायद्याने परत येणारा नव्हता.

ओझ्याच्या बंडीला मात्र न्यायालयाने नव्हे, टायरने मागे सारले. हवेच्या टायरचा आस आणि चाके तयार मिळू लागली, त्यावर लोखंडी साटा जोडला की गाडी झाली. बैलाला ओढायला ती हलकी आणि डांबरी रस्त्याला निरुपद्रवी. लोखंडी धावेने डांबर फाटते ही बांधकाम खात्याची जुनी तक्रार. डनलॉप हे एका कंपनीचे नाव गाडीचेच नाव होऊन बसले. त्यामागून ट्रॅक्टरची ट्रॉली आली आणि बैलच कमी झाले. ट्रॉली वेल्डिंगच्या दुकानात बनते. तीही कधीकधी पैशाअभावी अर्धी राहते आणि तशीच विकली जाते, पण तिचा भाव किलोवर ठरतो.

जुन्या बंड्यांना आता वेगळे गिऱ्हाईक आले आहे. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारी अभयारण्यासह १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले, आणि मोहर्ली-कोलाऱ्याच्या वाटांवर राहण्याची ठिकाणे उभी राहिली. अशा ठिकाणांच्या फाटकाला आणि अंगणाला बंडीचे चाक हवे असते. या गिऱ्हाइकाच्या मागण्या उलट्या आहेत. त्याला धाव गंजलेली हवी, लाकूड काळवंडलेले हवे, आणि तुंबा चिरला असेल तरी चालतो, कारण ते चाक फिरणार नाही. जोडी एका हाताची असण्याचीही अट नाही. भिंतीला एकच लागते. त्यामुळे विकणाऱ्यालाही गाडी नीट करून विकण्यात काही मिळत नाही. साटा जळणात जातो, आस भंगारात आणि चाके सुटी.

सुतारांपैकी जे धंद्यात टिकले ते दारे-खिडक्या, पलंग आणि पाट करतात. श्रावण संपता संपता त्यांच्याकडे पुन्हा चाकांचे काम येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो आणि पोरांना चाकांवरचे लाकडी बैल लागतात. वीतभर बैल, खाली चार चकत्या, पुढे दोरी. उरल्यासुरल्या सागाच्या तुकड्यांतून ते निघतात. त्यांच्या चाकांना आरे नसतात आणि धावही नसते.